वाचकांचे प्रश्न : पोरगा बर्फात चालला आहे

(हिवाळी ट्रेक आणि डोंगरात अडकलेल्यांची सुटका याविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देत आहेत लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले आणि आता यवतमाळ जिल्ह्यात शेती करणारे आमचे सुभेदार.)

प्रश्न : माझा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. डिसेंबरच्या शेवटी मित्रांसोबत उत्तराखंडात केदारकांठ्याला जातो म्हणतो, बर्फातून चढून. त्याचे बाबा म्हणतात, जाऊ दे. आम्ही चिखलदऱ्यापलीकडे डोंगर पाहिलेला नाही. मला रात्री झोप लागत नाही. जाऊ द्यावं का, सुभेदारभाऊ? आणि सोबत काय द्यावं?
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, जाऊ द्या. मात्र पैसे देण्याआधी त्याला समोर बसवून काही गोष्टी विचारा, आणि 'ते सगळं कंपनी बघते' हे उत्तर चालवून घेऊ नका.

चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर आहे. केदारकांठ्याचा माथा जवळपास ३,८०० मीटर. वाट फार अवघड नाही, नवशिके तिथे दरवर्षी मोठ्या संख्येनं जातात, आणि म्हणूनच पोरं गाफील राहतात. माथ्याकडे निघायचं ते पहाटेच्या अंधारात, पारा शून्याच्या बराच खाली असताना. अशा ठिकाणी जीव कड्यावरून पडूनच जातो असं नाही. पाय ओले झाले, वारा सुटला, निघायला उशीर झाला, एकानं 'मला बरं वाटत नाही' हे सांगायला लाज धरली, अशा साध्यासाध्या गोष्टी एकाच दिवशी जमा होतात.

विचारा, की मागे फिरायची वेळ कोणती ठरली आहे? माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं, हे निघण्याआधीच ठरलेलं हवं, वर गेल्यावर कोणाचं मन होत नाही. एक जण आजारी पडला तर त्याला घेऊन खाली कोण उतरणार, आणि बाकीच्यांजवळ गाईड उरतो का? पायथ्याचं गाव सांकरी. तिथून डेहराडूनची मोठी रुग्णालयं जवळपास दोनशे किलोमीटर, तेही घाटरस्त्यानं. गाडी कोणाची, रात्री मिळेल का?

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, पैलवानालाही. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, तर आहे तिथंच थांबायचं, वर चढायचं नाही. चालताना झोक जातो, बोलणं भरकटतं किंवा बसल्याजागी धाप लागते, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरवायचं. गोळ्या असतात, पण गोळी दिली म्हणून उतरणं टाळता येत नाही.

आता कपडे. आपण कापूस पिकवणारी माणसं, हे लिहिताना मला जड जातं, पण कापूस घरीच ठेवा. बनियन, जीन्स, सुती मोजे, सगळं. गादी पिंजून आणली की पुन्हा ऊब देते, कारण पिंजणाऱ्यानं तिच्यात हवा भरलेली असते. ऊब असते ती त्या हवेची. चढताना आलेला घाम सुती बनियन पिऊन घेते, हवेची जागा पाणी घेतं, आणि थांबल्याबरोबर तेच पाणी अंगातली उष्णता ओढायला लागतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. म्हणून अंगाला पॉलिएस्टरचं नाहीतर लोकरीचं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि वरून वारापाणी अडवणारं जॅकेट. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

तुमच्या हातचं काही द्यायचं तर तिळाचे, शेंगदाण्याचे लाडू द्या. पण अगदी लहान वळा, एका घासाचे; थंडीत मोठा लाडू असा कडक होतो की दात लागत नाही. सॅकच्या तळाशी नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव म्हणावं. कुडकुडायलाही शरीराला इंधन लागतं. मोबाईलही तिथंच, आतल्या खिशात. गारठ्यात बॅटरी पाहता पाहता उतरते.

आणि तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही, हे दोनदा बजावा. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती कार्बन मोनॉक्साइडमुळे. त्या वायूला वास नसतो.

प्रश्न : उत्तराखंडात द्रौपदी का दांडा शिखरावर २०२२ साली शिकाऊ गिर्यारोहक बर्फाखाली सापडून गेले. आपल्याकडे वायुदल आहे, हेलिकॉप्टरं आहेत. मग अडकलेल्या माणसांना लगेच उचलून का आणत नाहीत?
– निवृत्त शिक्षक, मेहकर

उत्तर : गुरुजी, तो दिवस ४ ऑक्टोबरचा. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचं पथक होतं. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. चांगली संस्था, जाणते प्रशिक्षक, तरीही हे झालं.

हिमस्खलनात गाडलेला माणूस वाचतो तो बहुधा पहिल्या दहापंधरा मिनिटांत काढला तरच. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्यानं मावळते, कारण बर्फ आवळून बसतो आणि श्वास कोंडतो. तेवढ्या वेळात खालून कोणी येऊ शकत नाही. वाचवायचं ते शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यांनीच, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ ठावठिकाणा सांगणारा ट्रान्सीव्हर, टोचून शोधायची लांब सळई आणि फावडं लागतं. सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, सगळा देश त्यांच्यासाठी हात जोडून बसला होता. पण ११ तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. असा चमत्कार धरून कोणी डोंगरावर जाऊ नये.

हेलिकॉप्टरचं म्हणाल तर पात्याला धरायला हवा लागते, आणि उंचावर ती विरळ असते. जितकं उंच तितकं वजन कमी उचलता येतं. त्यात वारा, ढग, अंधार. बर्फ आणि ढग एकरंगी झाले की वैमानिकाला जमीन कुठं हेच कळत नाही. २००५ मध्ये फ्रेंच वैमानिक दिदिए देल्साल यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं होतं, पण वजन कमी करून आणि हवामान निवडून. अडकलेल्या माणसाला हवामान निवडता येत नाही.

मला नेहमी आठवते ती जानेवारी २०१८ ची, पाकिस्तानातल्या नंगा पर्वतावरची सुटका. ८,१२६ मीटरचा डोंगर, भर हिवाळा, वर अडकलेली फ्रेंच गिर्यारोहक एलिझाबेथ रेव्होल आणि तिचा आजारी सोबती तोमाश मात्स्केविच. के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर हिवाळी चढाईसाठी आलेल्या पोलंडच्या मोहिमेनं आपलं काम थांबवलं. हेलिकॉप्टरनं त्यांच्यातल्या माणसांना नंगा पर्वतावर पाच हजार मीटरच्या आत सोडलं. त्यापुढं डेनिस उरुबको आणि अ‍ॅडम बिएलेत्स्की रात्रभर हजाराहून जास्त मीटर चढले. रेव्होल वाचली. तोमाश आणखी वर होता, तिथवर जाता आलं नाही. वर जाऊन माणसाला आणायला शेवटी माणूसच लागतो, आणि तो पोचेपर्यंतचे तास किंवा दिवस अडकलेल्याला स्वतःच काढावे लागतात.

प्रश्न : गारठलेल्या माणसाला थोडी दारू पाजावी, हातपाय चोळावेत, शेकोटीजवळ न्यावं, असं आमच्याकडे सांगतात. बरोबर आहे का? आणि असं बचावाचं काम शिकायचं तर कुठं जावं?
– बी.ए.चा विद्यार्थी, धारणी

उत्तर : यातलं एकही करू नकोस बेटा. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. बधिर हात शेकोटीवर भाजतात, आणि त्याला कळतसुद्धा नाही. हिमदंश झालेली कातडी चोळली तर फाटते.

लडाखात एका जवानाला मी विचारलं, बरा आहेस ना? 'एकदम ठीक' म्हणाला. जॅकेटची चेन लाव म्हटलं, तर बोटं चेनपर्यंत पोचत होती पण तिला पकडत नव्हती. तो नुसता खाली बघत राहिला, त्याला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. तेव्हापासून मी विचारत नाही, अंगठा करंगळीला लावून दाखव म्हणतो. जमलं नाही, बोलणं जड झालं, पाय अडखळू लागले, की समजायचं शरीराचं तापमान उतरतंय. ३५ अंशांखाली धोका सुरू होतो. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गुंगीत गेला तर तो सुधारत नसतो, बिघडत असतो.

ओले कपडे उतरव, अंगाखाली मॅट किंवा गवत घाल, कोरड्या स्लीपिंग बॅगेत गुंडाळ, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून काखेत आणि छातीजवळ ठेव. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड गरम पाणी. गुंगीत असेल तर चालवू नकोस, झटके देऊ नकोस, आडवाच ठेव; थंड झालेलं हृदय हलक्या धक्क्यानंही बंद पडू शकतं. आणि श्वास जाणवत नाही म्हणून मेला असं ठरवू नकोस. १९९९ मध्ये नॉर्वेत आना बोगेनहोल्म ही डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली, शरीर १३.७ अंशांवर आलं होतं, तरी ती वाचली.

हे फक्त हिमालयातलं नाही. वारा आणि ओलं अंग असलं की मेळघाटातली रात्रही पुरते.

शिट्टी मात्र आजपासून खिशात ठेव. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. रात्री हेच टॉर्चनं.

शिकायला उत्तरकाशीच्या त्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचंच नाव काढ. तिथला प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रम २८ दिवसांचा, आणि पुढं शोध व बचावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचली, आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्यमधून, आधी रीतसर शिकून. त्यामुळे आपल्याकडच्या पोराला हे जमेल का, हा प्रश्न मला पत्रात नको. फॉर्म लवकर भर, तिथल्या जागा फार आधी भरतात. आणि तोवर रोज पाठीवर ओझं घेऊन चढत जा, तुला तर घाट दारातच आहे.