मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली इंटिरिअरची शैली, म्हणजे सागवानी ब्राऊन फर्निचरच ना? मग त्यात लाल-नारंगी कुठून आलं, आणि 2 बीएचकेमध्ये भडक नाही का दिसणार?

नाही हो, ब्राऊन ही अर्धीच गोष्ट झाली. मी पुण्यात घरांचं इंटिरिअर करते, आणि माझे क्लायंटही हेच विचारतात, कारण नेटवर मिड-सेंच्युरी टाकलं की निमुळत्या पायांचं लाकडी कपाट आणि बेज सोफा एवढंच समोर येतं. पण त्याच काळात, 1953 ला, अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर नवरा-बायकोनी लहान मुलांसाठी कपडे अडकवायची खुंटाळी केली, तारेची फ्रेम आणि प्रत्येक खुंटीच्या टोकाला रंगीत लाकडी गोळा. 1956 ला डिझायनर जॉर्ज नेल्सनच्या ऑफिसात आयर्विंग हार्परनी मार्शमॅलो सोफा काढला, 18 गोल गोल उशा स्टीलच्या फ्रेमवर बसवलेल्या, बास, तोच सोफा.

पण मला खरं सांगायचंय ते डेन्मार्कचा डिझायनर व्हर्नर पँटनबद्दल. 1958 ला त्याला आईवडिलांच्या खानावळीचं काम मिळालं, फ्युन बेटावर, नाव 'कोम-इगेन', म्हणजे 'पुन्हा या'. त्याने काय केलं तर सगळं लाल. भिंती लाल, टेबलक्लॉथ लाल, वाढणाऱ्या मुलींचे युनिफॉर्म लाल, आणि त्यात बसायला आइस्क्रीमच्या कोनासारखी टोकावर उभी असलेली खुर्ची. मात्र एकच लाल नाही हां, लालच्या पाच छटा होत्या, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. एकटा लाल डोळ्यात खुपतो, पण त्याच्या शेजारी जरा गडद, जरा फिका असे त्याचेच भाऊबंद ठेवले की तो खोलीत मुरतो. पुढे 1969 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला श्पीगल या साप्ताहिकाच्या इमारतीत त्याने कॅन्टीन केलं तिथेही लाल, नारंगी, जांभळा असे एकमेकांना लागून असलेले रंग. ते कॅन्टीन आता त्याच शहरातल्या म्युझियममध्ये जपून ठेवलंय.

आता कुठून आलं, तर बरंचसं मटेरिअलमधून आलं. लाकडाला स्वतःचा रंग असतो आणि सुताराच्या हाताला सरळ रेघ सोपी जाते, पण प्लास्टिक आणि फोम आल्यावर आकार साच्यात ठरायला लागला आणि रंग तर काय हवा तो. पँटनची ती प्रसिद्ध एकसंध खुर्ची, मागे पायच नसलेली, इंग्रजी एस अक्षरासारखी, 1967 ला व्हिट्रा या फर्निचर कंपनीने बाजारात आणली, पण सोपं नव्हतं ते. आधी फायबरग्लास, मग कडक फोम, ज्याला घासून वरून रंग मारावा लागायचा, मग साच्यात दाबून केलेलं रंगीत प्लास्टिक, ते काही वर्षांनी तडकायला लागलं म्हणून 1979 ला उत्पादनच बंद केलं. आज जी पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची मिळते ती 1999 पासूनची. माझ्या एका क्लायंटकडे लाल आहे, त्यांच्या मुलाने सायकलचं हँडल घासलं तिला, चांगला बोटभर ओरखडा पडला, पण आतूनही लालच, त्यामुळे चार पावलांवरून कळतसुद्धा नाही. कडेला हात फिरवला की ती दुमडलेली लागते, साडीच्या काठासारखी, त्या दुमडीमुळेच तिला बळ येतं, आणि टेकून बसलं की पाठ किंचित मागे देते. एकाच प्लास्टिकची एकसंध खुर्ची ही कल्पना आपल्याला नवी नाही खरं तर, लग्नाच्या मांडवातली खुर्ची तशीच असते, फक्त तिला चार पाय असतात.

आणि 1970 चं कोलोनमधलं त्याचं काम आवर्जून शोधून बघा, व्हिजिओना 2. बायर या जर्मन केमिकल कंपनीला आपले कृत्रिम धागे दाखवायचे होते म्हणून त्यांनी ऱ्हाईन नदीवर बोटीतच प्रदर्शन भरवलं होतं, त्यात पँटनने अख्खी खोली लाटांसारख्या गाद्यांची केली, जमीन, भिंत, छत वेगळं काढताच येत नाही, लोळत आत शिरायचं. मी पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

तुमच्या घराचं म्हणाल तर बेज हॉलमध्ये एक लाल कुशन टाकू नका, ते चुकून राहिल्यासारखं दिसतं. एकच कोपरा घ्या, डायनिंगचा किंवा वाचायचा, आणि तिथे शेजारशेजारचे तीन रंग येऊ देत, समजा विटकरी, नारंगी, हळदी. खुर्ची, पडदा, दिव्याची शेड असं वाटून टाका, भिंत सगळ्यात शेवटी. बाकी हॉल आहे तसा राहू दे. कापडाचा तुकडा दुकानातून घरी आणून रात्री तुमच्याच बल्बखाली बघा, कारण दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखालचा नारंगी घरच्या पिवळ्या उजेडात बऱ्याचदा तांबडा दिसतो आणि मग पडदे शिवून झाल्यावर काही करता येत नाही. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कॉमेंटमध्ये सांगितलंत तर रंगाची छटा सुचवते.