अमेरिकेतले पशुपालक प्रेअरी डॉगला उपद्रवी समजतात, मग त्याची बिळं जपायची कशाला?
कारण त्या बिळांवर बाकीचे बरेच जण जगतात. प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला, वसाहती करून राहणारा प्राणी. तिथलं बिळातलं घुबड दाराशी शेण पसरतं, त्याला भुललेले शेणकिडे आले की मटकावतं. (हुशारच म्हणायचं!) काळ्या पायांचा फेरेट या मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्याचं तर जवळपास सगळं खाणं प्रेअरी डॉगच, आणि बीळही त्याचंच. विष, नांगरट आणि प्लेग यांनी वसाहती उठल्या, तेव्हा फेरेट नामशेष झाला असंच धरलं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या एका पाळीव कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, म्हणून उरलेल्यांचा पत्ता लागला. १९८७ पर्यंत शेवटचे १८ पकडून पैदास सुरू झाली. प्रेअरी डॉग गुरांचं गवत खातात, ही पशुपालकांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण आज मोठी डोकेदुखी प्लेगची आहे. तो पसरवणाऱ्या पिसवा मारायला बिळाबिळात औषध टाकत फिरावं लागतं.