आतषबाजी टिपताना: नवशिक्या छायाचित्रकारासाठी

आतषबाजीचे छायाचित्रण प्रथमच करणार असाल, तर कॅमेऱ्याआधी वाऱ्याची दिशा पाहावी. वारा आपल्या पाठीकडून वाहत असेल तर धूर दूर जातो. तोच समोरून येत असेल, तर महागडी लेन्सही निरुपयोगी ठरते. आकाश सुरुवातीलाच सर्वांत स्वच्छ असते, त्यामुळे सगळी जुळवाजुळव आधीच उरकून ठेवावी.

ट्रायपॉडला पर्याय नाही. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवून शटर 'बल्ब'वर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे ठेवणाऱ्या सोयीवर, रिमोटने चालवावे, म्हणजे बाण वर झेपावताना ते उघडता येते आणि ठिणग्या विझू लागल्या की मिटता येते. हा काळ बहुधा २ ते ५ सेकंदांचा भरतो. ठिणगी सतत सरकत असल्याने तिच्या रेषेची उजळता ॲपर्चर व आयएसओवर ठरते, लांबी मात्र शटरच्या वेळेवर. फटाक्यातील स्ट्रॉन्शियमचा लाल किंवा बेरियमचा हिरवा रंग छायाचित्रात पांढरट दिसू लागला, तर ॲपर्चर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतके, लहान करावे. फोकस दूरच्या दिव्यावर हाताने जुळवावा, कारण काळोखात ऑटोफोकस चाचपडत राहतो. फ्लॅश अर्थातच बंद.

रिमोट हातात असल्याचा खरा लाभ, माझ्या मते, वेगळाच आहे: डोळे पडद्यावर न खिळता आकाशाकडे राहतात. अखेरच्या भडिमारात मात्र अनेक स्फोट एकावर एक येऊन चित्र जळते (पांढरेफटक होते), म्हणून तेथे शटरचा वेळ निम्म्यावर आणावा.