ब्रिटिश घड्याळांचे दिवस परत आलेत म्हणतात, त्यात खरं किती? ही घड्याळं मुळात ब्रिटनमध्ये बनतात तरी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की यूट्यूबवर ख्रिस्तोफर वॉर्ड, ब्रेमाँट, स्टुडिओ अंडरडॉग वगैरे घड्याळ कंपन्यांचे व्हिडिओ बघून चक्रावायला झालंय, सगळे स्वतःला ब्रिटिश म्हणवतात आणि मागचं झाकण उघडलं की आत मशीन स्विस नाहीतर जपानी नाहीतर थेट चिनी, मग परत आलं म्हणजे नक्की काय आलं?

मी काही घड्याळजी नाही. नोकरीसाठी इंग्लंडात आलो आणि इथे हा नाद लागला, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. माझ्या मते परत आलंय ते घड्याळ डिझाइन करायचं आणि विकायचं डोकं. घड्याळ घडवायचा धंदा म्हणाल तर तो अजून परत आलेला नाही, मोजक्या लोकांच्या टेबलावर धुगधुगी आहे एवढंच. आता यात फसवणूक आहे का, तर ते कंपनी बघून ठरवायचं, सरसकट नाही.

आधी हे गेलं कसं ते बघू. एकेकाळी म्हणजे साधारण 1800 च्या सुमाराला जगातली निम्म्याच्या आसपास घड्याळं ब्रिटनमध्ये बनत होती. आज कुठल्याही किल्लीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळातून जी टिकटिक येते ती ज्या लिव्हरची (चाकाचा एकेक दात पुढे सोडणारा छोटा अडसर) असते तो टॉमस मज नावाच्या लंडनच्या कारागिराने 1755 च्या आसपास काढलेला आहे, स्विस लोकांनी नाही. समुद्रावर रेखांश काढायला चालेल असं घड्याळ जॉन हॅरिसनने बनवलं, ते 1761 मध्ये जहाजावर चढवून जमैकाला नेलं तर अडीच महिन्यांहून जास्त प्रवासात जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. (आणि मग सरकारने लावलेल्या बक्षिसाच्या पैशांसाठी त्या बिचाऱ्याला म्हातारपणी किती वर्षं हेलपाटे घालावे लागले ती कथा वेगळी, सरकारी काम तेव्हाही तसंच.) मुंबईच्या राजाबाई टॉवरचं घड्याळसुद्धा लंडनच्याच लुंड अँड ब्लॉकली कंपनीचं.

पण हे सगळं हाताचं काम होतं, आणि तेही वाटून दिलेलं. लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट भागात कच्ची मशीनं बनायची, ती लंडन, कॉव्हेंट्री, लिव्हरपूलला फिनिशिंगला जायची. जुन्या इंग्लिश घड्याळात फ्यूझी नावाचा एक शंकूसारखा भाग असतो, त्याच्याभोवती सायकलच्या चेनसारखी पण केसाएवढ्या बारीक कड्यांची साखळी गुंडाळलेली असते, म्हणजे स्प्रिंग ढिली होत गेली तरी जोर सारखा मिळावा. ती साखळी डॉर्सेटमधल्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान पोरी घरी नाहीतर कारखान्यात बसून जुळवायच्या, भिंग डोळ्याला लावून, एकेक कडी रिव्हेट करत. काम अप्रतिम, पण असं किती बनणार आणि किती स्वस्त पडणार? तिकडे अमेरिकेत वॉल्थमसारख्या कंपन्यांनी मशीनवर एकसारखे पार्ट काढायला सुरुवात केली. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते बघून स्विस लोक हादरले आणि घरी जाऊन कारखाने बदलले. इंग्रज मात्र आमचं ते उत्तम म्हणत फ्यूझी धरून बसले. प्रेस्कॉटला लँकेशायर वॉच कंपनी काढून मशीनवर करायचा प्रयत्न 1889 मध्ये झाला, पण तोवर गाडी निघून गेली होती, वीस-बावीस वर्षांत तीही बंद.

आणखी एक गंमत, रोलेक्स मूळची लंडनची. हान्स विल्सडॉर्फने 1905 मध्ये लंडनमध्येच धंदा सुरू केला, मग पहिल्या महायुद्धात सरकारने चैनीच्या आयात मालावर 33⅓ टक्के ड्युटी लावली आणि 1919 मध्ये त्याने बस्तान जिनिव्हाला हलवलं. इथले घड्याळवेडे हे आठवून अजून हळहळतात.

शेवटच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक स्मिथ्सचा, चेल्टनहॅमला. ते खरोखर मशीनसकट घड्याळ इंग्लंडात बनवायचे. 1953 मध्ये एव्हरेस्टवर हिलरीकडे स्मिथ्स होतं आणि तेनझिंगच्या हातात रोलेक्स, यावर घड्याळवाल्यांमध्ये अजून भांडणं होतात. हिलरीचं ते घड्याळ लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या क्लॉकमेकर्स म्युझियममध्ये ठेवलंय, कधी आलात तर बघा, इतकं साधं आहे की तुमच्या आजोबांचं वाटेल. 1970 च्या सुमाराला चेल्टनहॅमचं मनगटी घड्याळांचं काम थांबलं, मग बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली आणि विषय संपला. आपल्या एचएमटीचं जे 2016 पर्यंत लांबलं ते यांचं पंचेचाळीसेक वर्षं आधी होऊन गेलं असं समजा.

आता जे घडवणारे म्हणालो ते. जॉर्ज डॅनियल्स हे नाव लक्षात ठेवा. क्वार्ट्झमुळे सगळे मेकॅनिकल घड्याळाचं श्राद्ध घालत होते तेव्हा हा माणूस एकटा बसून अख्खं घड्याळ बनवत होता, केस, डायल, काटे, चाकं, स्क्रूसकट. त्याने 1970 च्या दशकात को-ॲक्सियल एस्केपमेंट काढलं, म्हणजे टिकटिक करणाऱ्या त्या लिव्हरच्या भागाची नवी रचना. नेहमीच्या लिव्हरमध्ये चाकाचा दात आणि लिव्हरवरचा खडा एकमेकांवर घसरतात, म्हणून तिथे तेल लागतं आणि तेल सुकलं की घड्याळ बिघडतं. याच्यात घसरणं जवळजवळ नाही, ढकलल्यासारखा धक्का बसतो. स्विस कंपन्यांच्या दारात त्याने वर्षानुवर्षं घातली, कोणी दाद देईना, शेवटी ओमेगाने 1999 मध्ये बाजारात आणलं. म्हणजे आज शोरूममध्ये ओमेगा बघाल त्यातली मुख्य कल्पना एका इंग्रजाची.

त्याचा शिष्य रॉजर स्मिथ. याने मँचेस्टरला घड्याळाचं शिक्षण घेतलं, स्वतः एक खिशातलं घड्याळ बनवून डॅनियल्सकडे नेलं, आणि म्हाताऱ्याने ते सरळ नापास केलं. कारण काय, तर ते हाताने केल्यासारखं दिसतंय. मला हे फार आवडतं. आपण 'हॅन्डमेड' म्हणून दोन पैसे जास्त देतो आणि इथे उस्ताद म्हणतो की हात दिसला म्हणजे काम कच्चं. स्मिथ परत गेला, काही वर्षं खपून दुसरं बनवलं, आणि मग डॅनियल्स एकेक पार्ट दाखवून हा कोणी केला, तो कोणी केला विचारत गेला, सगळ्याला उत्तर 'मीच'. तेव्हा कुठे पास. तेच दुसरं घड्याळ जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 49 लाख डॉलरला गेलं. स्मिथचं वर्कशॉप आइल ऑफ मॅनवर आहे, वर्षाला अगदी थोडी घड्याळं निघतात, आपल्यासारख्याने फोटो बघायचे. (आइल ऑफ मॅन काटेकोरपणे युनायटेड किंगडममध्ये येत नाही हे कोणीतरी कमेंटमध्ये सांगणारच, तर मीच सांगून टाकतो.)

या रांगेत अजून थोडे आहेत, नॉरफोकची गॅरिक, चार्ल्स फ्रॉडशॅम, बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये सुरुवात केलेलं स्ट्रदर्स जोडपं. बास, हाताच्या बोटांवर. मुळात शिकवणारेच कमी उरलेत, पारंपरिक कलांची जी धोक्यात असलेल्यांची यादी तिकडे निघते तिच्यात घड्याळ बनवणं आहे. आणि मशीन बनवायची इच्छा असली तरी बारीक हेअरस्प्रिंग (घड्याळाची चाल सांभाळणारी केसासारखी स्प्रिंग) कुठून आणणार? ती स्वित्झर्लंडमध्येसुद्धा फार थोडे बनवतात. स्प्रिंगवाला, खडेवाला, स्क्रूवाला असं अख्खं गाव लागतं आणि ते गावच इथून उठून गेलंय.

उरलेले बहुतेक सगळे ब्रँड चालवणारे, आणि तुमचा प्रश्न खरा यांच्याबद्दल आहे.

ख्रिस्तोफर वॉर्ड घ्या. 2004 मध्ये तिघांनी सुरू केली, ऑफिस मेडनहेडला, विक्री मुख्यतः ऑनलाइन, म्हणजे मधल्या डीलरचं मार्जिन वाचतं ते मालात घालायचं असा हिशोब. 2014 मध्ये त्यांचं, स्वित्झर्लंडमध्ये बील गावातल्या ज्या कंपनीकडून घड्याळं बनवून घ्यायचे तिच्याशीच विलीनीकरण झालं. डायलवर खाली चक्क 'स्विस मेड' लिहिलेलं असतं, लपवाछपवी काही नाही. 2022 मध्ये त्यांनी बेल कँटो काढलं, दर तासाला एक टोला देणारं. तेव्हा तीन हजार पाउंडांच्या आसपास किंमत, आणि तोवर टोले देणारं घड्याळ म्हणजे भल्या मोठ्या रकमेचीच गोष्ट होती. डायलच्या जागी सगळी यंत्रणाच उघडी ठेवलीये, छोटी हातोडी आणि काठाने वळलेली तार, तास भरला की हातोडी तारेवर पडते. आत मूळ मशीन साधं स्विस सेलिटा कंपनीचं, वर टोल्याचा जोडभाग यांचा स्वतःचा. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या मोठ्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं, स्विस लोकांच्या घरात जाऊन. आता याला ब्रिटिश म्हणायचं का? मी म्हणेन हो, कारण असलं घड्याळ या किमतीत काढायची खुमखुमी आणि हिशोब इथला आहे. पण बनवलंय ब्रिटनमध्ये म्हणाल तर नाही.

ब्रेमाँटची तऱ्हा उलटी. दोन भावांनी काढलेली कंपनी, हेन्लीला मोठा कारखाना उभारला, ब्रिटनमध्ये पार्ट काढायला त्यांनी खरंच पैसा ओतला, त्याबद्दल मान आहेच. पण 2014 मध्ये राइट फ्लायर नावाचं घड्याळ काढताना मशीन आमचंच असा सूर लावला, आणि लोकांनी फोटो लावून दाखवलं की हे तर ला जू-पेरे या स्विस कंपनीच्या मशीनवर आधारलेलं दिसतंय, मग खुलासे करत बसावं लागलं. मशीन वाईट नव्हतं हो, फक्त सांगितलं असतं तर कोणी काही बोललं नसतं.

म्हणून मला छोटे ब्रँड जास्त आवडतात, ते बिनधास्त सांगून टाकतात. स्टुडिओ अंडरडॉगचं कलिंगडाच्या रंगाचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ), लाल-हिरवं, बियांसकट, आत चीनच्या तिआनजिनमधलं सीगल मशीन. त्या मशीनचा आराखडा मूळ जुन्या स्विस व्हीनस कंपनीचा, म्हणजे चिनी ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. ग्लासगोची अनॉर्डेन खऱ्या काचेच्या मिन्याच्या डायल करते. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरायची, आठशे डिग्रीच्या वर भट्टीत घालायची, काढायची, घासायची, परत पूड परत भट्टी, आणि शेवटच्या फेरीत एक धुळीचा कण बसला किंवा भोक पाडताना तडा गेला की डायल फुकट. मशीन बाहेरचं असलं तरी ज्या डायलसाठी आपण पैसे देतो ती ग्लासगोत भाजलेली आहे, मला तेवढं पुरतं. माझ्याकडे स्वतःकडे लंडनच्या मिस्टर जोन्सचं एक आहे, त्यांचे डायल इथेच छापतात, एका मॉडेलच्या काट्यांवर तर 'लक्षात ठेव' आणि 'तू मरणार आहेस' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, बायको म्हणाली ते घरात आणायचं नाही म्हणून दुसरं घेतलं. फिअर्स म्हणजे ब्रिस्टलची 1846 ची कंपनी, मध्ये बंद पडलेली, ती 2016 मध्ये संस्थापकाच्याच वंशातल्या एकाने परत उभी केली. तोही आधी रोलेक्समध्ये दुरुस्ती शिकलेला.

आणि हे सगळे आता एकत्र आलेत. 2020 मध्ये रॉजर स्मिथ आणि ख्रिस्तोफर वॉर्डचे माइक फ्रान्स वगैरेंनी मिळून ब्रिटिश घड्याळवाल्यांची संघटना काढली, मार्च 2024 मध्ये लंडनला पहिला ब्रिटिश वॉचमेकर्स डे झाला, तिकिटं काढून लोक आले आणि त्या दिवसापुरती काढलेली खास मॉडेलं घ्यायला रांगा. लाखो पाउंडांची घड्याळं करणारा आणि काहीशे पाउंडांत कलिंगड विकणारा एका छताखाली, असं स्वित्झर्लंडमध्ये सहसा दिसणार नाही.

घेताना एवढं बघा. 'स्विस मेड' लिहायला कायद्याने किमान 60 टक्के खर्च तिकडचा लागतो आणि मशीनही स्विस लागतं, तसला पक्का नियम ब्रिटिश शब्दाला नाही. 'डिझाइन्ड इन', 'असेंबल्ड इन' आणि 'मेड इन' हे तीन वेगळे प्रकार आहेत, नुसतं लंडन लिहिलं असेल तर कंपनीला मेल टाकून विचारा की मशीन कुठलं, जोडणी कुठे. चांगला ब्रँड नीट उत्तर देतो, जो गोल गोल बोलतो त्याला सोडा. भारतात मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा, नाहीतर कुरिअरवाल्याचा फोन आल्यावर घाम फुटतो. जुनं स्मिथ्स हवं असेल तर ऑनलाइन जी चकचकीत नव्या रंगाच्या डायलची स्वस्तात मिळतात ती घेऊ नका, बरीचशी आपल्या मुंबईतच रंगवून निघालेली असतात, जगभरच्या घड्याळवाल्यांत त्यांना 'मुंबई स्पेशल' असं नाव पडलंय.

आणि मशीन बाहेरचं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासाठी तेच सोयीचं. सेलिटा किंवा जपानी मियोटा मशीन असेल तर पुण्या-नाशिकातला चांगला घड्याळजी ते उघडून सर्व्हिसिंग करून देईल. बेल कँटोसारखं काही घेतलंत तर बिघडल्यावर पार्सल परत कंपनीकडेच जाणार, येण्याजाण्याचा खर्च आणि दोन्ही बाजूंच्या कस्टमची कागदपत्रं तुमच्या डोक्याला.