उजळणारी भिंतशोभा भेट देताना

बहिणीच्या नव्या घरासाठी अंबाबाई मंदिराच्या शिखरांची, भिंतीवर लावायची आणि मागून उजळणारी लाकडी आकृती करण्याचा तुमचा बेत चांगला आहे. मात्र शिखरांवरचे बारीक कोरीवकाम लाकडात उतरवण्याचा मोह टाळावा, कारण मागून प्रकाश आला की डोळ्यांना प्रामुख्याने बाह्यरेषाच दिसते. ६ मिलिमीटरचा प्लायवूड पुरेसा आहे. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला फळा) कापायला सोपा असला, तरी कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर त्याच्या कडा फुगतात.

खरे काम प्रकाशाचे आहे. मीटरला ६० दिवे असलेल्या एलईडी पट्टीत दोन दिव्यांमधले अंतर सुमारे १७ मिलिमीटर असते. मागे चिकटवलेली पट्टी भिंतीपासून निदान तेवढी, शक्यतो २५ मिलिमीटर दूर राहिली नाही, तर एकसंध प्रभेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. चकचकीत ऑइलपेंटच्या भिंतीवर तर दिव्यांचे प्रतिबिंबच दिसते, म्हणून भिंतीचा रंग आधी विचारून घ्यावा. १२ व्होल्टची पट्टी छापलेल्या खुणेवरच कापावी. मीटरला ४.८ वॅटची पट्टी दोन मीटर लागल्यास ०.८ अँपिअर प्रवाह होतो. १ अँपिअरचा अडॅप्टर चालेल, तरी तो फार तापू नये म्हणून २ अँपिअरचा घ्यावा. उजेड पिवळसर, ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपास असावा. पांढऱ्याशुभ्र उजेडात शिखर दुकानाच्या पाटीसारखे दिसते, असे माझे मत आहे. भेट देण्यापूर्वी पट्टी काही तास पेटती ठेवून तारांचे सांधे तापत नाहीत ना, हे पाहावे आणि सोबत पुरेशी लांब वायर द्यावी.