वाचकांचे प्रश्न : वॉर्डात पाऊल ठेवताना

या वेळचे प्रश्न एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींचे आहेत. एक पत्र एका आईचं आहे. बहुतेकांची तक्रार एकच : लॅबमधल्या पुतळ्यावर जमतं, ते पेशंटवर जमत नाही. पुतळा बोलत नाही, कुशीवर वळत नाही, नुकताच चहा पिऊन आलेला नसतो. फरक तिथेच पडतो.

बीपी मी मोजलं की १५० येतं आणि थोड्या वेळाने स्टाफ सिस्टरांनी मोजलं की १३०. कधी कधी तर कानात काहीच ऐकू येत नाही. माझं नक्की काय चुकतं?
— एएनएम, प्रथम वर्ष, लातूर

आधी ऐकू न येण्याचं बघू. स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेने, किंचित पुढे वळलेली हवीत. उलटी घातली की ती कानाच्या आतल्या भिंतीला टेकतात आणि आवाज बंद होतो. दोन बाजूंचं तोंड असेल तर ते नळीपाशी फिरवावं लागतं, म्हणून चकतीवर बोटाने टकटक करून आवाज येतोय का ते आधी बघा. मग जागा. ब्रेकियल धमनी कोपराच्या खळग्यात मधोमध नसते, करंगळीच्या बाजूला असते. तळवा वर करून हात सरळ ठेवा, दोन बोटांनी ठोका शोधा आणि चकती नेमकी तिथे टेकवा. ती कफखाली, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याखाली, खोचून ठेवायचा मोह होतो, कारण हात मोकळा राहतो. पण मग कफ चकतीला घासतो आणि ती घासघासच ठोका वाटते.

आता १५० आणि १३०. पेशंट जिना चढून आला असेल, बोलत असेल, लघवीला जायचं रोखून बसला असेल, पायावर पाय टाकून बसला असेल, तर आकडा चढतो. म्हणून पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर. चहा किंवा तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला हवा. हात हृदयाच्या पातळीवर, टेबलावर किंवा उशीवर टेकवा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर साधारण ८ मिलिमीटरने जास्त बीपी येतं. सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे कफ. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटंच जास्त येतं. तुमच्या वॉर्डात एकच कफ असेल तर निदान ‘कफ लहान पडला’ एवढं सिस्टरांना सांगा.

मोजताना कफची खालची कड कोपराच्या खळग्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. आधी मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून हवा भरा. समजा १२० ला नाडी गेली. हवा पूर्ण सोडा, अर्धा-एक मिनिट थांबा. आता स्टेथोस्कोप लावून १५० पर्यंत, म्हणजे ३० वर भरा आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने सोडा. पहिला स्पष्ट ठोका वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबला ते खालचं. घाईत हवा भसकन सोडली की पहिला ठोका हुकतो आणि वरचं बीपी कमी नोंदलं जातं. आधी नाडीवर बघायची पायरी वेळखाऊ वाटते, पण तिला कारण आहे. काही जणांत, विशेषतः ज्यांचं बीपी जास्त असतं त्यांच्यात, ठोके सुरू होऊन मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा ऐकू येतात. खरं बीपी १९० असलेल्या माणसाला तुम्ही अंदाजाने १६० पर्यंतच भरलं आणि तेवढ्यात ती मधली शांतता असेल, तर खालचेच ठोके पहिले समजून तुम्ही १४० लिहाल.

पुन्हा मोजायचं तर एक-दोन मिनिटं थांबा. डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशन करून जोडलेली शीर आणि धमनी) असलेला हात, सलाईन चालू असलेला हात आणि स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू टाळा. आणखी एक : हाताने भरायच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. तिथे मोजलेलं ‘१२५/८५’ दिसलं की परीक्षकाला लगेच कळतं, ते वाचलेलं नाही, सुचलेलं आहे.

टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टमध्ये श्वासाचा आकडा सगळेच २० लिहितात. मोजायला लागलं की पेशंट माझ्याकडे बघून श्वास बदलतो.
— जीएनएम, प्रथम वर्ष, नाशिक

बदलणारच. म्हणून सांगून मोजायचं नाही. मनगटाची नाडी मोजून झाली की बोटं तिथेच राहू द्या, पेशंटला वाटू दे नाडीच चालली आहे, आणि नजर छातीवर किंवा पोटावर न्या. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण ६० सेकंद मोजा. प्रौढांत १२ ते २० ठीक. पांघरूण जाड असेल तर पेशंटचाच हात त्याच्या पोटावर ठेवा, हालचाल दिसते.

सगळ्यांचं २० लिहिण्यात नुकसान असं की न्यूमोनिया असो की रक्तात पसरलेला संसर्ग, श्वासाचा वेग बऱ्याचदा ताप-बीपीच्या आधी वाढतो. काल १८ आणि आज २६ ही नोंद डॉक्टरांना लगेच पलंगापाशी आणते. चार दिवस ओळीने २० ही नोंद कोणालाच हलवत नाही. नाडीबद्दल एवढंच : अंगठा वापरू नका, त्यात तुमचाच ठोका लागतो. ठोके अनियमित असतील तर १५ सेकंदांना चारने गुणणं बंद, पूर्ण मिनिट मोजा.

वॉर्डात इन्सुलिनच्या लाल टोपीच्या आणि केशरी टोपीच्या सिरिंजा आहेत. दोन्हींवर युनिटच लिहिलेले असतात, मग फरक काय?
— एएनएम, प्रथम वर्ष, जळगाव

फरक जिवावर बेतणारा आहे. लाल टोपीची सिरिंज १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात, गोंधळ त्यामुळेच.

ऑर्डर २० युनिटची आहे असं धरा. लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर मावतं. ४० वाल्या बाटलीतून घेतलं तर बरोबर २० युनिट. तेवढंच १०० वाल्या बाटलीतून घेतलं तर ५० युनिट गेले, अडीचपट. पेशंट साखर उतरून बेशुद्ध होऊ शकतो. उलट केशरी सिरिंजमध्ये २० ची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर, त्यात ४० वालं इन्सुलिन भरलं तर जेमतेम ८ युनिट. टोपी फेकून दिल्यावर रंग हातात राहत नाही, म्हणून सिरिंजच्या अंगावर छापलेला ४० किंवा १०० हा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी ताडून बघा, आणि भरलेली सिरिंज बाटलीसकट दुसऱ्या सिस्टरला दाखवा. यात लाज कसली? जुन्याजाणत्या सिस्टरही दाखवतात.

गढूळ इन्सुलिन तळव्यांत हलकेच लाटल्यासारखं फिरवायचं, खळखळवायचं नाही. फेस झाला की माप चुकतं. दोन्ही एकत्र घ्यायची असतील तर स्वच्छ दिसणारं रेग्युलर आधी, गढूळ नंतर. टोचल्यावर जागा चोळू नका. आणि टोचण्यापूर्वी ‘जेवण आलंय का?’ हे विचाराच. एक्स-रेला जायचं म्हणून पेशंट उपाशी राहतो आणि इन्सुलिन मात्र वेळेवर जातं, असं घडतं.

सलाईनचे थेंब किती ठेवायचे याचं सूत्र पाठ होतं, पण वॉर्डात आयत्या वेळी सुचत नाही.
— जीएनएम, प्रथम वर्ष, कोल्हापूर

सूत्र एकच : मिलिलिटर गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) दर मिलिलिटरला पडणारे थेंब, भागिले मिनिटं. नेहमीच्या सेटला बहुधा १ मिलिलिटरचे २० थेंब पडतात, मायक्रो सेटला ६०. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. ५०० मिलिलिटर ४ तासांत द्यायचंय : ५०० × २० = १०,०००, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४२ थेंब. अर्ध्या मिनिटात २१ मोजले की झालं. मायक्रो सेटचं तर आणखी सोपं : तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब.

बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करा. पेशंटने कोपर दुमडलं की थेंब मंदावतात. मागे पडलेलं सलाईन वेग वाढवून भरून काढू नका. म्हातारा माणूस किंवा हृदयाचा पेशंट असेल तर फुप्फुसात पाणी साचतं. सिस्टरांना सांगून नवा हिशेब करा.

माझ्या मुलीला इंजेक्शन दिल्यावर टोपण लावताना सुई टोचली. तिने बोट दाबून रक्त काढलं आणि घाबरून कोणाला सांगितलं नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता काय करावं?
— एक आई, सिंधुदुर्ग

ताई, आजच तिला घेऊन ट्यूटर मॅडमना किंवा वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा आणि तिथून थेट कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जा. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. ज्या पेशंटला ती सुई लावली होती त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी होते, मुलीचंही रक्त घेतात. हिपॅटायटिस बी ची लस तिने घेतली आहे का, हे कागद बघून सांगा. वॉर्डात जाण्याआधी ती सुरू झालेली असावी (०, १ आणि ६ महिने असे तीन डोस). तिच्यावर रागावू नका, म्हणजे पुन्हा कधी टोचलं तर ती ते लपवणार नाही.

सुई टोचली की जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची. दाबून, पिळून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही. आणि अपघात झाला तो टोपण परत लावताना, जे लावायचंच नसतं. वापरलेली सुई तशीच हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापायच्या यंत्रात. तो ट्रेच्या शेजारी आधीच आणून ठेवलेला असेल तर टोपण लावायची वेळच येत नाही. कापलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, सुईविना प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि काचेची रिकामी व्हायल (औषधाची बाटली) निळ्या खोक्यात.

नर्सिंग शिकायला आलो आणि महिनाभर चादरीच घालतोय. याला शिक्षण म्हणायचं का?
— जीएनएम, प्रथम वर्ष, अमरावती

म्हणायचं. उताणं झोपलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली चादरीची एक सुरकुती राहिली तर ती रात्रभर त्याच जागी रुतते. त्यात घाम किंवा लघवीची ओल आली की दोन दिवसांत तिथे लालसर डाग दिसतो. त्या डागावर बोट दाबून बघा : पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू झाला. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघा. अशी जागा चोळू नका, आतली इजा वाढते. दर दोन तासांनी कूस बदला, आणि वर सरकवताना पेशंटला ओढू नका. दोघांनी ड्रॉ शीट (पेशंटखालची आडवी चादर) धरून उचला.

चादर घट्ट राहते ती कोपऱ्यामुळे. गादीच्या टोकाकडची चादर आधी खाली खोचा. टोकापासून साधारण ३० सेंटिमीटरवर बाजूची लोंबती कड उचलून गादीवर टाका, त्रिकोण होईल. खाली लोंबणारा भाग गादीखाली खोचा, मग त्रिकोण खाली आणून तोही खोचा. काढलेली चादर झटकू नका आणि युनिफॉर्मला टेकवून उचलू नका; आत दुमडत गोळा करून थेट बादलीत. त्या दहा मिनिटांत पेशंटची पाठ, टाचा, लघवीची पिशवी आणि सलाईनची जागा बघायला मिळते. राउंडमध्ये पांघरूण एवढं कोणी उघडत नाही.

चार्टवर चुकीचं लिहिलं गेलं तर व्हाइटनर चालतो का?
— एएनएम, प्रथम वर्ष, बीड

नाही. एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, वेळ आणि सही. वेळ २४ तासांच्या घड्याळाने : रात्रीचे साडेआठ म्हणजे २०.३०. आणि औषधापुढची सही औषध पोटात गेल्यावर. गोळी वाटीत काढून ठेवली, सही केली आणि पेशंट बाथरूमला गेला, तर संध्याकाळी ती गोळी उशीखाली सापडते.