पोरासाठी थांबू काय, मॅडम?

‘पोराकडे बघून दिवस काढू, की एकदाची मोकळी होऊ?’ सिंधुदुर्गात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणाऱ्या बहुतेकींचं मनातून ठरलेलं असतं. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं असतं, की पोराचं वाटोळं होणार नाही. अशी हमी कुणालाच देता येत नाही. पण पोराचं नुकसान नेमकं कशानं होतं, ते मात्र सांगता येतं. त्यासाठी एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगडकडची एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. भांडून माहेरी राहायला येऊन तिला वर्ष उलटलं होतं. मुलाचं पोट दर रविवारी दुखायचं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, आजोळच्या आजीनं दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणं घातलं. डॉक्टरांना काही सापडेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं. बाप मुंबईत. रविवारी त्याची सुट्टी, म्हणजे फोनचा वार.

एकदा फोन माझ्यासमोरच आला. मुलानं तो उचलला, पण स्पीकरवर टाकला नाही, कानाला घट्ट धरला. आई बाजूनं म्हणाली, ‘फीचे पैसे धाडूचे नसतीत तर परत फोन करू नको म्हणान सांग तुझ्या बापाशीक.’ मुलानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, ‘बाबा, आई इचारता, जेवलस काय?’ पलीकडून बाप बराच वेळ काहीतरी बोलला. फोन ठेवल्यावर मुलगा आईला म्हणाला, ‘बाबा म्हणता, बघतंय.’ दोन्हीकडच्या शिव्या मधल्या मधे गिळण्याचं काम ते पोर दर रविवारी करत होतं. मग पोट दुखेल नाही तर काय!

हे घर मोडलं कशानं? तिच्या माहेरचे म्हणाले, दारू. नणंद म्हणाली, ‘हिचो मोबाईल.’ दोन्हीत थोडं खरं आहे, पण मूळ दुखणं राहण्याच्या व्यवस्थेत होतं असं माझं मत. लग्नानंतर नवरा नालासोपाऱ्याला थोरल्या भावाच्या खोलीवर परतला. तिथं आधीच पाच माणसं, हिला न्यायची कुठं? ती गावी सासू-सासऱ्यांजवळ राहिली. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच काय तो संसार, बाकीचा फोनवर. पैसे यायचे सासऱ्यांच्या खात्यावर. पोराचे बूट घ्यायचे तरी हिनं त्यांच्याकडे हात पसरायचा, आणि नवऱ्याला वाटायचं, मी तर महिन्याच्या महिन्याला पाठवतो, हिची कुरकुर कसली?

कोकणात ही घडी जुनीच. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 बायका होत्या. पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला गेले, हे त्याचं मोठं कारण. मनीऑर्डरच्या काळातही असले संसार आतून पोकळ असायचे, पण बाईला दुसरी वाटच नसल्यानं ते टिकायचे. आता ती काजूच्या कारखान्यात चार पैसे मिळवते, बचत गटात बसते, तिचं स्वतःचं खातं आहे. हल्लीच्या पोरींना सहनशक्ती नाही, हे वाक्य मी फार ऐकलंय. मला ते पटत नाही.

या मुलाला आईबाप वेगळे राहतात हे केव्हाच कळलं होतं. त्याची भीती वेगळीच होती. घटस्फोट झाला की सासरची आजी, चुलत भावंडं, घरचा गणपती सगळंच सुटणार, असं त्यानं धरलं होतं. मोठ्यांच्या बोलण्यातून त्यानं तेच तर ऐकलं होतं. पोराला जास्त बाधतं ते हे. आईबापांची धुमसती भांडणं, मधला निरोप्या होणं आणि अर्धं गणगोत एका दिवसात तुटणं. एका छपराखाली राहूनही यातलं पहिलं चालूच राहतं. म्हणून ‘पोरासाठी थांब’ असं सरसकट मी कुणालाच सांगत नाही.

सासूबाईंना बोलावलं. त्या आल्या त्याच मुळी रडत. ‘सून गेली तर गेली, पण गणपतीक माझो नातू येतलो मा?’ थोड्या वेळानं दुसरंही बाहेर आलं. सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगे दोन्ही मुंबईत, आंब्याच्या कलमांकडे बघायला कुणी नाही. सून गेल्यानं त्या म्हातारीचा हातच गेला होता. कोकणातल्या घटस्फोटाची ही बाजू कोर्टाच्या कागदात येत नाही. गावचं घर उघडं ठेवणारं माणूस बहुतेक वेळा सूनच असते.

वाडीतल्या बैठकीत यांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून ठेवली होती, नोटरीच्या शिक्क्यासह. तिला कायद्यात किंमत नाही. समाजातली जुनी रूढी कोर्टात सिद्ध केल्याशिवाय असला कागद टिकत नाही, आणि त्याच्या भरवशावर दुसरं लग्न करणं हा गुन्हा ठरू शकतो. दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली, किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर, परस्पर संमतीनं अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं आहे.

बाईची आणखी एक धास्ती होती, सातबारा. मुलाचं नाव कमी करतील काय? आईबापांच्या घटस्फोटानं वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा हक्क जात नाही. 2005 पासून मुलीचाही हक्क बरोबरीचा आहे. आईनं रागाच्या भरात ‘मला काही नको’ असं लिहून दिलं, तरी मुलाची पोटगी त्यानं बुडत नाही.

बसून बसून संमतीच्या अर्जात अटी लिहिल्या. गणपतीत पहिले पाच दिवस आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी मुलगा आजीकडे. पैसे थेट आईच्या खात्यावर, पैशाचं बोलणं मोठ्यांनी मोठ्यांशी. रविवारच्या फोनवर फक्त मुलगा आणि बाप. ही शेवटची अट लिहून घेताना बाप चिडला. ‘माझ्या पोराशी काय बोलायचं ते तुम्ही शिकवणार?’ त्याला फोनवरचा तो प्रसंग सांगितला. त्यानं वाद घातला नाही. सही केली आणि तंबाखू मळत बाहेर जाऊन उभा राहिला.

जिथं मारहाण आहे तिथं हा मार्ग नाही. तिथं आधी बाई आणि मूल सुरक्षित ठिकाणी, मग बाकीचं बोलणं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मागता येतो. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. मूल मार बघत वाढतंय आणि घरातले म्हणतात, ‘पोरासाठी सांभाळून घे’. हे वाक्य बोलणाऱ्याची मला चीड येते.

त्या मुलाची रविवारची पोटदुखी हळूहळू थांबली. पहिल्या गणपतीत तो आजीकडे गेला तेव्हा वाडीत कुजबुज झाली, सासूबाईंनी ती कानाआड केली. पैशाचं मात्र रडगाणं आहे. बापाचे दोन हप्ते थकलेत, फोनवर तो नुसतं ‘बघतो’ म्हणतो. वसुलीचा अर्ज करायचा आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून ती थांबली होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे तिला माहीतच नव्हतं. सोमवारी ती कागद घेऊन ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे.